सत्तर पानांचा एक पुडा

या भागात आकडे आणि तारखा जरा जास्त आहेत, म्हणून ऐकून झाल्यावर हा लिखित भागही वाचा असं सांगतोय. आलापल्लीच्या पुढे भामरागडच्या वाटेला लागणार असाल तर आत्ताच सेव्ह करून ठेवा. पुढे नेटवर्कचा भरवसा नाही, तुम्हाला माहीतच आहे.

आलापल्लीतल्या काही पोरापोरींनी मला मेसेज केला होता. त्यांना एक दिवसाचं शिबिर घ्यायचंय. विषय, सोशल आंत्रप्रेन्युअरशिप. मी बी.टेक., पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये, म्हणून मला माहीत असणार असा त्यांचा समज. सोबत कुठूनतरी उतरवलेल्या स्लाइड्स होत्या. पिच कसा करायचा, मार्केट किती मोठं, स्केल कसं करायचं. उदाहरणं सगळी बंगळुरूची आणि अमेरिकेची. एकाही स्लाइडवर झाड नाही! मी त्यांना म्हटलं, बोलायला येतो, पण या स्लाइड्स राहू द्या. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीत हे कौशल्य चाळीस वर्षांपासून तरुण पोरं शिकतायत. त्याला कोणी आंत्रप्रेन्युअरशिप म्हटलं नाही एवढंच. आजचा भाग त्याच इतिहासाचा.

आधी शब्दाचं बघू. 'सोशल आंत्रप्रेन्युअर' हा शब्द जगभर पोचवण्यात बिल ड्रेटन या अमेरिकन माणसाचा मोठा वाटा. त्याने १९८० मध्ये संस्था काढली, आणि तिला नाव दिलं 'अशोका', आपल्या सम्राट अशोकावरून. पुढे बांगलादेशचे मुहम्मद युनूस आणि त्यांची ग्रामीण बँक यांना २००६ मध्ये शांततेचं नोबेल मिळालं आणि मग हा शब्द कॉलेजांच्या प्रॉस्पेक्टसपर्यंत आला. पण महाराष्ट्राला ही कल्पना नवी कुठे होती? १९५९ मध्ये गिरगावात सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली, त्याचं लिज्जत झालं. विठ्ठलराव विखे पाटलांनी आणि धनंजयराव गाडगीळांनी प्रवरानगरला शेतकऱ्यांच्या मालकीचा साखर कारखाना उभा केला तो १९५० च्या सुमारास. सहकार हा शब्द आपल्या आजोबांना पाठ होता. पुढे त्याचं राजकारण काय झालं तो वेगळा एपिसोड.

आपल्याकडे ना ऊस, ना गिरगावची गच्ची. आपल्याकडे जंगल. आणि जंगल आपल्या दारात असलं तरी आपलं नव्हतं, सगळी गोष्ट इथूनच सुरू होते.

आलापल्ली ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. अहेरी तालुक्यातलं हे गाव म्हणजे चौक. इथून एक रस्ता भामरागडला, एक सिरोंच्याला, एक एटापल्लीला, एक आष्टी-गोंडपिपरीवरून चंद्रपूरला. एकाच हॉटेलात माडिया, गोंडी, तेलुगू, मराठी आणि थोडी बंगाली ऐकू येते. इंग्रजांच्या काळापासून हे गाव सागवानासाठी प्रसिद्ध. डेपो, आरागिरणी, वनखात्याची क्वार्टर्स हीच गावाची ओळख. भामरागडच्या रस्त्यावर 'वनवैभव' म्हणून जुन्या जंगलाचा एक तुकडा १९५३ पासून न तोडता राखलाय. महाराष्ट्राचं पहिलं जैवविविधता वारसा स्थळ म्हणून २०१४ मध्ये त्याची घोषणा झाली. तिथे एकदा जाऊन मान वर करून बघा, झाडाचा शेंडा दिसेपर्यंत मान दुखते.

सागवान इथून बाहेर गेलं, जातंय. २०२३ मध्ये अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठीही चंद्रपूर-गडचिरोलीचंच सागवान गेलं. बांबू बल्लारपूरच्या कागद कारखान्यात गेला. आपल्या शाळेच्या वहीचा कागद आपल्याच बांबूचा असू शकतो, हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. आता सुरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक याच चौकातून जातात. माल बाहेर जाणं ही इथली जुनी रीत. प्रश्न कायम एकच राहिला, मोजतंय कोण आणि लिहितंय कोण?

हे मी हवेत बोलत नाही. माझे एक मामा तेंदूच्या फळीवर मुन्शी होते. फळी म्हणजे पानं गोळा होण्याची जागा, हे पुण्या-मुंबईच्या ऐकणाऱ्यांसाठी. मे महिन्यात पहाटे चार वाजता घरं रिकामी होतात, बायका, पोरं, म्हातारे सगळे रानात. दुपारी घरी येऊन पानं जुळवायची, पुडे बांधायचे, संध्याकाळी फळीवर. सत्तर पानांचा एक पुडा. हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी, म्हणजे सत्तर हजार पानं. समजा एका घराने दिवसाला दोनशे पुडे बांधले, तर चौदा हजार पानं एकेक करून हातातून गेली, आणि एक गोणी भरायला पाच दिवस लागले. मजुरी शेकड्यावर, म्हणजे शंभर पुड्यांमागे.

आठवीच्या सुट्टीत मी मामांसोबत फळीवर बसून रजिस्टर लिहायचो. अक्षर चांगलं होतं माझं. मामा सांगायचे, "शंभरला चार जास्तीचे घे बाबू, पण लिहायचे शंभरच." खराब पान निघतं म्हणून ही सूट, असं कंत्राटदाराचं म्हणणं. पुडे देणाऱ्या बायांनाही ते माहीत होतं. कोणी काही बोलायचं नाही. शंभरमागे चार म्हणजे चार टक्के. मी आज ज्या कंपनीत काम करतो तिथे पेमेंटच्या सिस्टीममध्ये चार टक्क्यांचा फरक निघाला तर रात्री दोनला फोन वाजतील. फळीवर वर्षानुवर्षं तो फरक होता आणि त्याला नाव होतं सूट.

१९६९ च्या कायद्याने महाराष्ट्रात तेंदूसारख्या वनोपजाच्या व्यापारावर सरकारने नियंत्रण आणलं. त्यातून लिलाव आले, कंत्राटदार आले. भाव मुंबई-नागपुरात ठरायचा, पान आपण तोडायचं. या साखळीत गावाची भूमिका एकच, मजुराची.

आता गोष्ट मेंढ्याची. मेंढा म्हणजे मेंढा-लेखा, धानोरा तालुका, गडचिरोलीहून साधारण तीस किलोमीटर. आलापल्लीपासून लांब आहे, पण या विषयात तिथे गेल्याशिवाय पुढे जाता येत नाही. गोंड समाजाचं छोटं गाव, शंभरच्या आतबाहेर घरं.

१९८० च्या दशकाच्या सुरुवातीला गोदावरी-इंद्रावतीवर इचमपल्ली आणि भोपालपट्टणम ही दोन मोठी धरणं बांधायचा बेत होता. आपल्या दक्षिण भागातलं आणि पलीकडच्या बस्तरमधलं प्रचंड जंगल आणि गावं बुडणार होती. त्याविरुद्ध 'जंगल बचाव, मानव बचाव' आंदोलन उभं राहिलं. बाबा आमटे आणि लालश्यामशाह महाराज पुढे होते. ती धरणं झाली नाहीत. पण आंदोलनात जी पोरं गेली होती ती परत येताना डोक्यात प्रश्न घेऊन आली. मेंढ्याचे देवाजी तोफा त्यांतले एक. दुसऱ्याचं धरण अडवता येतं, तर आपल्या गावाचं काय?

त्याच काळात चंद्रपूरचे मोहन हिराबाई हिरालाल असं गाव शोधत होते जिथे निर्णय सगळ्यांच्या सहमतीने होतात. हे जयप्रकाश नारायणांच्या छात्र युवा संघर्ष वाहिनीतून आलेले कार्यकर्ते, 'वृक्षमित्र' ही त्यांची संस्था. आईचं आणि वडिलांचं नाव लावून आडनाव सोडलेला माणूस. १९८७ च्या सुमारास ते मेंढ्याशी जोडले गेले.

इथे मला थोडं थांबायचंय, कारण आजच्या विषयाचा गाभा इथे आहे. मोहनभाऊंनी गावात योजना आणली नाही, पैसा आणला नाही. गावाने आणि त्यांनी मिळून एक पद्धत बसवली, अभ्यासगट. कुठल्याही विषयावर ज्याला बसायचं त्याने बसावं, बाहेरच्या माणसालाही बोलवावं. कायदा काय म्हणतो, जंगलात बांबू किती, मध कसा काढतात, सगळं बोलावं. पण अभ्यासगटात निर्णय घ्यायचा नाही. निर्णय फक्त ग्रामसभेत, आणि तोही बहुमताने नाही, सर्वसहमतीने. बाहेरचा माणूस माहिती देईल, निर्णयात त्याचं मत नाही. एक जण जरी अडला तरी विषय पुढच्या सभेला.

मला हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा वेळखाऊ वाटलं होतं. खरंच वेळखाऊ आहे. एकेका निर्णयाला महिने गेलेत. पण शिकण्याची जागा आणि ठरवण्याची जागा वेगळी ठेवण्यात जी हुशारी आहे ती मला आमच्या ऑफिसातल्या मीटिंगांमध्ये रोज आठवते. तिथे दोन्ही एकत्र असतात, त्यामुळे साहेबासमोर कोणी मूर्ख प्रश्न विचारत नाही, म्हणून कोणी शिकतही नाही. मेंढ्यात अभ्यासगटात मूर्ख प्रश्न विचारायला भीती नव्हती, कारण तिथे काही ठरतच नव्हतं.

उदाहरण मधाचं. पूर्वी पोळं जाळून मध काढायचे, माश्या मरायच्या. अभ्यासगट बसला, मधमाश्यांवर काम करणारे जाणकार आले, आणि पोळ्याचा मधाचा भागच तेवढा कापून माश्या जिवंत ठेवायची रीत गावाने शिकून घेतली. तेच पोळं पुन्हा मध देतं. आजच्या भाषेत सांगायचं तर प्रॉडक्ट तेच, प्रोसेस बदलली. भांडवल किती लागलं? जवळपास काही नाही.

अभ्यास म्हणजे गोग्गोड कार्यक्रम नव्हता हेही सांगतो. गावाने गोटुल बांधायचं ठरवलं, जंगलातलं लाकूड आणून बांधलंही. वनखात्याने पोलिसांसह येऊन ते पाडलं, लाकूड नेलं. गावाने पुन्हा बांधलं, आणि आजूबाजूच्या गावांनीही आपापली गोटुलं उभी केली. तेव्हापासून 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा महाराष्ट्रभर गेली. पोस्टरवर छान दिसते, पण घोषणेमागे दर महिन्याच्या सभा, वही, जमाखर्च होता. कागद कारखान्याच्या लोकांचं बांबू तोडणंही गावाने अडवलं. जंगलाची राखण गावाने स्वतः सुरू केली. मजुरीतला ठरलेला हिस्सा प्रत्येकाने ग्रामकोषात टाकायचा, आणि गरजेला त्यातूनच कर्ज घ्यायचं, सावकाराकडे जायचं नाही. मिलिंद बोकीलांचं 'गोष्ट मेंढा गावाची' हे पुस्तक आहे, ते वाचा. यातलं बरंच तिथे सविस्तर आहे.

मग आलं २००६. मघाशी युनूसांच्या नोबेलचं बोललो ते वर्ष. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये संसदेत वनहक्क कायदा मंजूर झाला. पहिल्यांदाच कायद्याने म्हटलं की जंगलावर गावाचा सामूहिक हक्क असू शकतो, आणि बांबू, तेंदू, मध, मोह हे गौण वनोपज गावाचं आहे. गौण म्हणजे कमी महत्त्वाचं. ज्याच्यावर गाव जगतं ते गौण, आणि जे बल्लारपूरला जातं ते मुख्य, सरकारी मराठीची ही गंमत.

मेंढ्याने दावा टाकला. नकाशा, पुरावे, ठराव, सगळं तयार होतं, कारण वीस वर्षं अभ्यासगट चालू होता. बाकी गावं कायदा काय ते समजून घेत असताना मेंढ्याची फाइल गेली होती. २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. शेजारच्या मर्दा गावालाही मिळाला. देशात हे असं पहिल्यांदाच घडत होतं.

त्याच वर्षी, २००९ मध्ये, स्टॉकहोममध्ये एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. हा सन्मान मिळवणारी पहिली बाई. त्यांचं काम कशावर? स्वित्झर्लंडची कुरणं, जपानमधली गावजंगलं, नेपाळचे पाटबंधारे. १९६८ मध्ये गॅरेट हार्डिन या शास्त्रज्ञाने लिहिलं होतं की सामाईक मालमत्ता शेवटी उजाडच होते, प्रत्येक जण ओरबाडतो. ऑस्ट्रॉमबाईंनी जगभरची गावं तपासून दाखवलं की तसं होतंच असं नाही. हद्द ठरलेली असेल, नियम वापरणाऱ्यांनीच केलेले असतील, राखण स्वतः करत असतील आणि मोडणाऱ्याला आधी थोडा मग जास्त दंड असेल, तर सामाईक जंगल शेकडो वर्षं टिकतं. ही यादी मेंढ्याच्या ग्रामसभेपुढे वाचली असती तर लोक म्हणाले असते, बरं मग, यात नवीन काय जी?

हक्काचा कागद आला म्हणून पैसा आला नाही. हा भाग शिबिरवाल्या पोरांनी नीट वाचावा. बांबू तोडून विकायचा तर वाहतूक परवाना लागतो, ज्याला सगळे टीपी म्हणतात. टीपीशिवाय ट्रक नाक्यावर अडतो. वनखातं टीपी देईना. म्हणणं असं की १९२७ च्या भारतीय वन कायद्यात बांबू हे झाड आहे. वनहक्क कायद्यात तो गौण वनोपज आहे. वनस्पतिशास्त्र म्हणतं बांबू हे गवत. दोन कायद्यांच्या मध्ये गवत अडकलं आणि मेंढ्याचा बांबू रानातच उभा.

दोन वर्षं गेली पत्रव्यवहारात. मार्च २०११ मध्ये केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी राज्यांना पत्र लिहिलं की बांबू गौण वनोपज धरा. २७ एप्रिल २०११ ला ते आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण स्वतः मेंढ्यात आले आणि टीपीचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. परवाना नव्हे, परवान्याचं पुस्तक! म्हणजे परवाना आता गाव देणार. २०१२ मध्ये नियमांतच दुरुस्ती होऊन ही सोय देशभर लागू झाली.

पुस्तक हातात आलं आणि पुढचा पेपर सुरू झाला. निविदा काढायची. जाहिरात द्यायची. लिफाफे सगळ्यांसमोर फोडायचे. बयाणा रक्कम किती, हप्ते कधी, उशीर झाला तर व्याज किती, हे करारात घालायचं. कुठल्या कक्षात किती बांबू तोडायचा, किती राखायचा. तोडणाऱ्यांचे मस्टर, बँकेतून मजुरी. ग्रामसभेला पॅन कार्ड काढावं लागलं, इन्कम टॅक्स समजून घ्यावा लागला. ज्या गावाकडे जग 'अशिक्षित आदिवासी' म्हणून बघत होतं त्याने कोटीच्या घरातला व्यवहार असा पेलला. २०१३ मध्ये तर मेंढ्याने १९६४ च्या ग्रामदान कायद्याखाली गावातली खाजगी जमीनही ग्रामसभेच्या नावे करायचा ठराव केला. यावर मतं वेगळी असू शकतात, मला स्वतःला जमिनीच्या बाबतीत तेवढं धाडस झालं नसतं. पण तो त्यांनी विचारांती घेतलेला निर्णय होता.

मेंढ्याच्या रस्त्यावरच, गडचिरोलीकडून येताना आधी, शोधग्राम लागतं. डॉ. अभय आणि राणी बंग यांची 'सर्च', १९८६ पासून. त्यांच्या नवजात बाळांच्या कामाची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे म्हणून थोडक्यात. गावातल्या बायांना आरोग्यदूत म्हणून शिकवलं, बाळाचं वजन, ताप, श्वास मोजायला शिकवलं, आणि ३९ गावांत नवजात बाळांचं मरण ६२ टक्क्यांनी कमी झालं. १९९९ मध्ये ते 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. इथेही सुरुवात मोजण्यापासूनच. याच जागी २००६ मध्ये 'निर्माण' सुरू झालं. अठरा ते अठ्ठावीस वयाच्या पोरापोरींसाठी शिबिरांची मालिका, आपल्या आयुष्याचं काय करायचं या प्रश्नावर. त्याच्याही आधी मूलजवळच्या सोमनाथला बाबा आमटेंची श्रमसंस्कार छावणी, साठच्या दशकाच्या अखेरीपासून, तीही भर मे महिन्यात. चंद्रपूरचा मे ज्यांनी काढलाय त्यांना वेगळं सांगायला नको. या शिबिरांतून डॉक्टर, इंजिनिअर, अधिकारी, कार्यकर्ते घडले, पण एक टोचणारी गोष्ट बोलतो. या शिबिरांना येणारी बरीच पोरं बाहेरून आपल्याकडे 'काम करायला' येतात. आणि आपल्याकडची माझ्यासारखी पोरं काम करायला बाहेर जातात. तेंदूचा ट्रक आणि माझी नागपूरची बस एकाच रस्त्याने गेली.

चंद्रपूरहून आलापल्लीला येणाऱ्या रस्त्यावर गोंडपिपरी लागतं. त्या तालुक्यात पाचगाव आहे. मेंढ्यामागोमाग २०१२ मध्ये या गावाला हजारेक हेक्टरचा हक्क मिळाला. पारोमिता गोस्वामी यांच्या एल्गार संघटनेची साथ होती. गावाने बसून शंभरावर नियम केले, बांबू स्वतः तोडून स्वतः विकायला सुरुवात केली, आणि कामासाठी बाहेर जाणारी पोरं गावात थांबली. पण पाचगाव मला आवडतं ते दुसऱ्याच कारणाने. त्यांनी ठरवलं, तेंदूपान विकायचंच नाही. का? पानासाठी फांद्या छाटतात, नवी पालवी फुटावी म्हणून रानात आग लावतात, झाडाला फळ धरत नाही, आणि पान जातं विडीत, जी लोकांना मारते. म्हणजे हातात येणारा रोकडा पैसा गावाने विचार करून सोडला. कुठल्या स्टार्टअपच्या स्लाइडवर असतं का हे? तेंदूचं फळ, टेंभरं, पिकल्यावर किती गोड लागतं हे ज्याला माहीत आहे त्याला हा निर्णय लवकर कळेल.

सगळ्यांना मात्र तेंदू सोडणं परवडत नाही. पावसाळ्याआधीच्या पंधरा दिवसांतल्या या पैशावर बियाणं, खतं, पोरांची फी, लग्नं निघतात. २०१३ मध्ये गोंदिया-गडचिरोलीतल्या मोजक्या ग्रामसभांनी एकत्र येऊन पहिल्यांदा स्वतः तेंदूचा लिलाव केला. पुढे पेसाच्या क्षेत्रात दोन पर्याय आले. वनखात्याने तुमच्यासाठी विकायचं, किंवा ग्रामसभेने स्वतः. गडचिरोलीत हजारावर गावांकडे वनहक्काचे कागद आले होते, त्यामुळे स्वतः विकणाऱ्या ग्रामसभा वाढत गेल्या. मजुरीच्या वर जो नफा कंत्राटदाराकडे जायचा तो गावात यायला लागला. २०१७ चा भाव तर असा चढला की लोकांनी मोटरसायकली घेतल्या, घरांवर पत्रे आले.

आणि २०१८ ला भाव कोसळला. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला होता, विडीवर २८ टक्के, तेंदूपानावर १८. शिवाय आधीच्या वर्षी चढ्या भावाने घेतलेला माल व्यापाऱ्यांकडे पडून. काही ठिकाणी कंत्राटदारांनी हप्ते थकवले. आता बघा, हप्ता थकला तेव्हा दोन प्रकारची गावं दिसली. एका गावाकडे स्टॅम्प पेपरवरचा करार होता, अनामत घेतलेली होती, आणि पैसे आल्याशिवाय गोणी गोदामातून हलू द्यायची नाही हे कलम होतं. दुसऱ्या गावाकडे कंत्राटदाराचा मोबाइल नंबर होता.

हा फरक एका माणसाचा असतो बहुतेक वेळा. करार वाचणाऱ्या, शिकलेल्या, गावात राहिलेल्या पोराचा किंवा पोरीचा. कोरची तालुक्यात ग्रामसभांनी मिळून महाग्रामसभा केली, कारण एकट्या गावाला व्यापारी खेळवतो, नव्वदेक गावं एका दमात भाव बोलली तर तो ऐकतो. कुरखेड्याच्या 'आम्ही आमच्या आरोग्यासाठी' संस्थेचं तिथे जुनं काम आहे, त्यामुळे बायका पुढे आहेत, सह्या करण्यापुरत्या नाही, भाव बोलायला. दक्षिणेकडे, आपल्या अहेरी-भामरागड-एटापल्ली भागात, हे जाळं अजून विरळ आहे.

माझा एक मावसभाऊ अशाच एका आतल्या गावात ग्रामसभेचा सचिव आहे. बी.ए. झालाय. त्याला पगार नाही. तेंदूच्या दिवसांत तो फळीवर पुडे मोजतो, रात्री रजिस्टरची बेरीज करतो, सकाळी मोटरसायकलने पस्तीस किलोमीटर बँकेत जातो, मध्ये वनरक्षकाशी भांडतो. त्याच्या गावात शंभरला चारची सूट बंद झाली, ती त्याने सभेत ठराव करून बंद केली, आणि रोजचे आकडे फळीवरच्या फळ्यावर खडूने लिहायला लागला. त्याने मला विचारलं, "दादा, ॲप बनवून देतो का?" मी देणार आहे, साधं, नेटशिवाय चालणारं, माडिया आणि मराठी दोन्हींत. पण आधी त्याच्यासोबत एक हंगाम बसून. त्याचा मोठा प्रश्न ॲपचा नाहीच. घरचे विचारतात, पोलीस भरतीचा फॉर्म का भरत नाही? लग्नाचं बघायला आलेले विचारतात, सचिव म्हणजे नोकरी का? गावाला काही लाख मिळवून देणाऱ्या माणसाला गाव महिन्याला काय देतं, हा विषय त्याच्या ग्रामसभेत दोनदा निघाला आणि दोनदा पुढे गेला.

तर शिबिरवाल्यांनो, माझ्या सत्रासाठी स्लाइड्स नकोत. तीन गोष्टी आणा. तुमच्या नाहीतर शेजारच्या ग्रामसभेचा तेंदूचा किंवा बांबूचा एखादा जुना करारनामा, झेरॉक्स चालेल. ग्रामसभेचं बँक पासबुक, दाखवायला तयार असतील तर. आणि फळीवरचं एक रजिस्टर. सकाळभर आपण ते तिन्ही एकमेकांशी जुळतात का ते बघू. करारातली गोणी, रजिस्टरमधले पुडे, पासबुकातले रुपये. दुपारी पॅन, जीएसटी आणि टीपी. २०२५ च्या सप्टेंबरपासून तेंदूपानावरचा कर १८ वरून ५ टक्क्यांवर आलाय आणि विडीवरचा २०२६ च्या फेब्रुवारीपासून २८ वरून १८ वर. हे येत्या हंगामाच्या निविदेत भाव बोलताना माहीत असलेलं बरं, कारण व्यापाऱ्याला ते माहीत असणारच. शक्य असेल तर माझ्या मावसभावासारखे दोन-तीन सचिव बोलवा, आणि त्यांना श्रोत्यांत नाही, पुढे बसवा. प्रवासखर्च त्यांना आधी द्या, माझा नंतर बघू.

तारीख फेब्रुवारीतली ठेवा. मार्चपासून निविदांची गडबड सुरू होते, मग कोणी सापडणार नाही.